कोरस पेडल, एक नग

"अगं, हे बघ. लेल्यांनी पोरीच्या गिटारचंसुद्धा टेंडर काढलं होतं!"

बाबा, हे कुलकर्णीकाका बोलले. काकूंच्या कानाशी बोलले, पण त्यांचं हळू बोलणं कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गेल्याला अकरा दिवस झाले होते. काका तुमच्या ऑफिसमधले कागद घेऊन आले होते, आई सह्या करायला आत चष्मा शोधत होती, आणि हॉलमधल्या टीपॉयवर तुमच्या निळ्या फायलींचा गठ्ठा होता. विम्याची फाइल शोधता शोधता काकांच्या हाताला ही लागली. मी कॉफीचा ट्रे घेऊन दाराच्या पडद्यामागे उभी होते.

"कोरस पेडल, एक नग," काका वाचत होते. "तीन कोटेशनं आहेत. कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट आहे. खाली सही. लेले म्हणजे लेले!"

"अहो, हळू," काकू म्हणाल्या, पण त्याही हसल्या. काका हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मी पडद्यामागेच थांबले. हसणाऱ्या माणसांत जाणं मला कधी जमलं नाही, रडणाऱ्यांत तर त्याहून नाही. कॉफीवर साय धरली तेव्हा आत गेले. मला वाईट वाटू नये म्हणून काकांनी फाइल मिटून गठ्ठ्याखाली सरकवली.

मला वाईट वाटलं ते नंतर, फाइल वाचल्यावर, आणि वेगळ्या कारणाने. त्या फायलीत माझा एक शब्द आहे आणि तो खोटा आहे. तुम्ही तो खरा धरून फाइल बंद केलीत. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, म्हणून लिहिते आहे. माझं मराठी तुम्हाला माहीत आहे, इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलीचं, घरापुरतं. माझ्या चुकांभोवती तुम्ही पेन्सिलीने गोल काढायचात. आताही काढा.

सुरुवात नाश्त्याच्या टेबलावर झाली, आणि चुकून झाली. मी बेस गिटार घरी आणली तेव्हा तुम्ही "चारच तारा? मग स्वस्त असेल," एवढंच म्हणाला होतात. त्यानंतर दोन वर्षं मी खोलीचं दार लावून वाजवत होते, शनिवारी महादेवपुराला जाऊन ऑफिसमधल्या तिघांबरोबर सराव करत होते, आणि घरी त्याबद्दल अक्षर काढत नव्हते. तुम्ही विचारत नव्हतात. आपल्या दोघांचं असंच बरं चालायचं. त्या दिवशी आईने विचारलं, वाढदिवसाला काय हवं? मी फोनमध्ये बघत होते, म्हणून जे खरं होतं ते तोंडातून निघून गेलं.

"कोरस पेडल."

"ते काय असतं?" आई म्हणाली.

"पायाने दाबायची डबी असते. तिच्यातून आवाज गेला की दोघं जण वाजवताहेत असं वाटतं. जवळजवळ एकदम, पण अगदी एकदम नाही."

तुम्ही पोह्यांचा चमचा खाली ठेवलात. मग आईच्या हातातलाही काढून घेतलात. दोन्ही चमचे शेजारी शेजारी मांडलेत आणि दुसरा किंचित मागे ओढलात. "हा मूळ आवाज. ही त्याचीच नक्कल, जरा उशिरा येणारी. आणि हा उशीर सारखा कमीजास्त होत राहतो." दुसरा चमचा मागेपुढे हलायला लागला. "असंच ना?"

असंच होतं. सहा महिने मी त्या पेडलबद्दल वाचत होते, व्हिडिओ बघत होते, आणि इतकं स्वच्छ मला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "हं."

"पण मग दोघं कुठे आहेत?" तुम्ही म्हणालात. "आहे एकच. तोच उशिरा पोचतो आहे."

"कानाला दोघं वाटतात ना, बाबा."

"वाटतात. असतो एकच."

"वाटतं तेच महत्त्वाचं."

"हे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून घ्या. आमच्याकडे नाही चालत."

"माझा चमचा द्या आधी," आई म्हणाली.

हा वाद आपण नंतर लिफ्टमध्ये केला, गांधीबाजारात दोडकी निवडताना केला. मी एरवी कुणाशी वाद घालत नाही. तुमच्याशी घालायला मजा येत होती, हेही मी तुम्हाला सांगितलं नाही. तो संपलेला नाही. तुमचंच बरोबर असावं असं आता वाटतं, पण समोर कोणी नसताना मान्य करण्यात काय अर्थ आहे!

दुसऱ्या दिवशी तुम्ही निळी फाइल काढलीत. आपल्या घरात मिक्सर, गीझर, आईचा मोबाइल, सगळं फायलीतून आलं. तीस वर्षं सरकारी कारखान्यासाठी मशिनं विकत घेतल्यावर तुम्हाला नुसतं दुकानात जाऊन वस्तू उचलणं बेकायदेशीर वाटायचं. नियम मला लहानपणापासून पाठ होते. ज्याला वस्तू हवी तो यूजर. तिच्यात काय काय हवं ते यूजरने आधी लिहून द्यायचं. मग तीन दुकानांची कोटेशनं मागवायची. लिहिलेल्या अटींत जी बसतात त्यांतलं सर्वांत स्वस्त ते एल-वन, आणि घ्यायचं ते एल-वनच. आधी न लिहिलेली अट मागाहून काढून एल-वनला नाकारायचं नाही, तो दुकानदारावर अन्याय. हे मी सातवीत शिकले. मला गुलाबी दप्तर हवं होतं आणि मी रंग लिहिला नव्हता. तीन वर्षं मी मातकट दप्तर वापरलं.

"यूजर मॅडम, स्पेसिफिकेशन," असं म्हणत तुम्ही कोरा कागद पुढे केलात. मी लिहिलं, बेससाठी, लहान, परवडणारं.

"आणि आवाज?"

"छान हवा."

"छान हे स्पेसिफिकेशन नाही. कसा हवा ते लिही. कशासाठी हवा ते लिही."

कशासाठी ते मला पक्कं माहीत होतं. आमच्या एका गाण्यात सगळे मध्येच थांबतात आणि अर्धं मिनिट फक्त बेस राहतो. तो तुकडा मी बांधला होता. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं मी बांधलं होतं. नुसता बेस तिथे फार उघडा पडायचा. मला तळाचा आवाज जाड आणि स्थिर हवा होता, आणि त्याच्या वर कुणी सोबत चालत असल्यासारखी हलकीशी हालचाल. लिहायला दोन ओळी लागल्या असत्या. पण तुम्ही म्हणाला असतात, कुठलं गाणं? ऐकव बघू. म्हणून मी लिहिलं नाही. तुम्ही तो कागद तसाच घेतलात, पंचिंग मशिनने भोकं पाडलीत आणि फायलीत लावलात.

दोन कोटेशनं तुम्ही एकट्याने आणलीत, तीही बसने जाऊन. तिसऱ्या दुकानाला मला बरोबर नेलंत. चामराजपेटेतलं ते अरुंद दुकान आठवतं ना, पुढे हार्मोनियम आणि तबले, मागच्या भिंतीला गिटारी? कॉलेजची दोन मुलं एक गिटार लावून बघत होती. तुम्ही वही उघडून दुकानदाराला तुमच्या कानडीत म्हणालात, "स्वल्प कोटेशन बरेदु कोडी."

"मराठी काय अण्णा?" दुकानदार हसला. तिथल्या जुन्या मराठी घरांतला होता तो. "मग मराठीतच बोला की. काय लिहून देऊ?"

"कोटेशन. लेटरहेडवर, शिक्क्यासकट. बेस गिटारसाठी कोरस पेडल, एक नग."

गिटारवाल्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतला एक खाली मान घालून हसला. मी दोन पावलं बाजूला झाले, जिथे तारांची पाकिटं टांगलेली होती.

"पेडलला कोटेशन! अण्णा, माझ्या वडिलांपासून दुकान आहे, असं कोणी मागितलं नाही."

"मी मागतो आहे ना."

"सरी, देतो. पण वाजवणारं कोण? त्यांना आणा की. वाजवून बघितल्याशिवाय कोरस घेऊ नये. स्वस्तातले बहुतेक साध्या गिटारचे असतात. बेसला लावले तर खालचा आवाज पातळ होतो, पोटच राहत नाही त्याला. मूळ आवाज किती ठेवायचा त्याचं वेगळं बटन असतंय बघा, तसलं घ्या. स्वल्प महाग पडतंय."

तुम्ही ते वहीत उतरवून घेतलंत आणि मान वर केलीत. मी तारांच्या पाकिटांवरची अक्षरं वाचत होते. तुम्ही माझ्याकडे बघताय हे मला न बघता कळलं. मी वळले नाही.

"वाजवणारी घरी आहे," तुम्ही म्हणालात.

जसं नेहमी बोलता तसंच बोललात. दुकानदाराने शिक्का मारला. मी आधी बाहेर पडले, तुम्ही मागाहून आलात, आणि दुकान दिसेनासं होईपर्यंत माझ्यापासून थोडं अंतर ठेवून चाललात.

ऑटोत तुम्ही विचारलंत, "खालचा आवाज पातळ होतो म्हणाला. चालेल तुला? कोटेशनं उघडलेली नाहीत अजून. यूजरने लिहून दिलं तर अट आत्ताही घालता येते."

"कुठलंही चालेल, बाबा."

बसवनगुडीत शिरल्यावर तुम्ही परत म्हणालात, "नक्की?"

"नक्की."

नियमाने एल-वन आलं. त्याला ते वेगळं बटन नव्हतं, आणि असावं असं यूजरने कुठे म्हटलं नव्हतं. तुम्ही स्वतः त्याला जोडायची वायर बनवलीत, टोकं इतकी नीट सोल्डर केलीत की आमच्या ड्रमरने तिचा फोटो काढून ठेवला आहे. मग तुम्ही माझ्या खोलीच्या दारात उभे राहिलात. आत या, असं मी म्हणाले नाही. मी सर्वांत जाड तार छेडली आणि ती बशीतलं पाणी हिंदकळावं तशी ऐकू आली. तळ गेला होता. मी आणखी दोनचार स्वर वाजवले, मुद्दाम वरचे.

"कसं आहे?"

"छान आहे."

तुम्ही थांबलात. "छान?"

"हो, बाबा. छान आहे."

"बरं," म्हणून तुम्ही गेलात. फायलीत लिहायला गेलात, हे मला आता कळतं.

पंधरा दिवसांनी मी दुसरं पेडल घेतलं, ते वेगळं बटन असलेलं, आणि ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं. त्याचा आवाज अगदी मला हवा तसा होता. तुमचं पेडल मी दर शनिवारी तुमच्यासमोर पिशवीत टाकायचे आणि संध्याकाळी तसंच परत आणायचे. तुम्ही एकदा विचारलंत, "चालतंय ना?" मी मान हलवली.

मग कार्यक्रम ठरला. महादेवपुरालाच, रविवारी दुपारी, ऑफिसच्या आवारात. तुम्हाला आईकडून कळलं. तुम्ही पेपर वाचता वाचता म्हणालात, "आम्ही आलो तर चालतं का?"

"तिथे उभंच राहावं लागतं, बाबा. फार मोठा आवाज असतो. तुम्हाला नाही आवडणार."

"अच्छा."

शनिवारी तुम्ही परत विचारलंत. माझे बूट पुसत होतात, मी नको म्हणत असताना. "मी मागे कुठेतरी उभा राहीन. कानात कापूस घालून."

"बाबा, नको ना."

मी स्वतःला सांगितलं की तुम्ही आलात तर माझ्या पायाशी दुसरं पेडल दिसेल आणि माझं ते छान म्हणणं खोटं ठरेल. हे कारण मला पुरेसं वाटलं होतं.

तिथे खुर्च्या होत्या, बाबा. पांढऱ्या प्लास्टिकच्या, चार रांगा. आमच्या गिटारवाल्याचे वडील मंगळुरूहून आले होते आणि पहिल्या रांगेत कानांत बोटं घालून बसले होते, पूर्ण वेळ हसत. आणि आमच्या ड्रमरने मला पहिलं काय विचारलं असेल? "अर्थिंग अंकल नहीं आए?" त्या तिघांनी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. पण सरावाच्या खोलीत सतत घोंघों यायची, आम्ही वायरी बदलून थकलो होतो, आणि शेवटी मी फोन केल्यावर तुम्ही दोन प्रश्न विचारून सांगितलं होतंत की भिंतीतल्या प्लगला अर्थिंग नाही, दुसऱ्या भिंतीवरून घ्या. घोंघों बंद झाली. तेव्हापासून त्यांच्यात तुमचं नाव अर्थिंग अंकल. ते तुमची वाट बघत होते. मी म्हणाले, त्यांना काम आहे.

माझा तुकडा चांगला झाला. सगळे थांबले, मी राहिले, आणि तळ हलला नाही. संध्याकाळी तुम्ही दार उघडलंत आणि आत येऊ देण्याआधीच विचारलंत, "शेवटच्या माणसापर्यंत पोचला का आवाज?" मी हो म्हणाले आणि हात धुवायला गेले. तुम्हाला अजून काही विचारायचं होतं. तुम्ही दाराशीच उभे होतात. त्यानंतर वीस दिवसांनी तुम्ही गेलात.

कुलकर्णीकाका-काकू गेल्यावर मी गठ्ठ्याखालून फाइल काढली. सगळे कागद इंग्रजीत, तुमच्या त्या सरळ उभ्या अक्षरांत. तीन दुकानांच्या तीन रांगा. चामराजपेटेतल्या दुकानदाराचं म्हणणं तुम्ही शेवटच्या रकान्यात घातलं होतंत आणि त्यासमोर लिहिलं होतंत, यूजरने मागणी केलेली नाही. सगळ्यांत शेवटच्या कागदावर यूजरचा अभिप्राय, छान. त्याच्याखाली पेन्सिलीने, माझा तो शब्द सोडला तर तुमचं अख्ख्या फायलीत एवढंच मराठीत होतं, "खालचे स्वर दबल्यासारखे वाटले. पण वाजवणारीचा कान माझ्यापेक्षा चांगला. फाइल बंद."

तुम्हाला ऐकू आलं होतं. दारात उभं राहून, तेवढ्या चारदोन स्वरांत. मोजमापाशिवाय तुम्ही आयुष्यात एक स्क्रू पास केला नसेल. इथे तुमच्या कानाने बरोबर सांगितलं आणि तुम्ही ते बाजूला ठेवलंत, माझ्या एका शब्दासाठी. मी तो कागद परत फायलीत लावला. तुमचं पेडल ड्रॉवरमध्ये आहे. त्याच्यात काही खोट नाही, ते साध्या गिटारसाठी केलेलं आहे इतकंच.

काल सकाळी आई तुमचं कपाट आवरत होती. मी पलंगावर बसून तिने दिलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. ऑफिसचे सदरे एका बाजूला, घरचे एका बाजूला. मध्येच ती एक सदरा हातात धरून थांबली.

"एक गोष्ट मला त्यांची कधी पटणार नाही, गौरी. तुझं वाजवणं ऐकायला गेले नाहीत. मी म्हटलं होतं, अहो जा, मुलगी आहे आपली. तर म्हणे मलाच नको वाटतं, उन्हाचं कोण जाईल एवढं लांब. हुबळीला जाऊन मशिनं बघून यायचे हे. मुलीसाठी एक दुपार नाही निघाली."

ती सदऱ्याची घडी घालत होती, आणि घडी नीट येत नव्हती, कारण तिला राग आला होता. तुमच्यावर. तुम्ही तिच्याजवळही तेच केलं होतंत, जे चामराजपेटेत दुकानदाराजवळ केलंत, मला सांभाळून घेतलंत. आणि लपून राहायला मला पुन्हा काहीच करावं लागणार नव्हतं, फक्त समोरचा सदरा उचलायचा होता, बाही सरळ करायची होती. मी तो उचलला. आई पुढे बोलत राहिली, की माणूस फायलीत रमला तो रमलाच. मी सदरा खाली ठेवला.

"आई, ते येणार होते. दोनदा विचारलं त्यांनी मला. मीच येऊ नका म्हटलं. मला त्यांची लाज वाटली."